वाड्यावर कामाला येतो म्हणालास, म्हणून

कोल्हापूर
जून अखेर

प्रिय दिग्या,

पत्र मिळालं. रिटायर झालास, पोरगं-सून कामाला गेली की डोंबिवलीचं घर खायला उठतं, हे समजलं. त्यापुढचं मात्र दोनदा वाचलं. कोल्हापूरला येऊन राहीन आणि तुमच्या वाड्याच्या संग्रहालयात फुकट काम करीन म्हणतोस. वहिनींना विचारलंस का आधी? विचारलं असशील तर ये. जागा आहे, काम तर ढीगभर आहे. पण 'माझ्यासारखा सांगणारा तुम्हाला मिळायचा नाही' असं जे लिहिलंयस, त्यानं मला घाम फुटलाय. अरे, तुझ्या आजोबांनी खासबागेच्या मैदानात मारलेली कुस्ती आठवीत असताना पाच मिनिटांची होती. दहावीत ती पाऊण तासाची झाली. तुझ्या लग्नाच्या पंगतीत तर समोरचा पैलवान थेट पंजाबातून आला होता. म्हणून हे लांबलचक लिहितोय. वाचून मग ठरव.

तुला वाडा आठवतोय तो आपण आवळे चोरायला परड्यात उतरायचो तेव्हाचा. आता दिंडी दरवाज्याला तेल दिलंय, देवडीत तिकिटाचं टेबल आहे, सोप्यावर आणि माजघरात वस्तू मांडल्यात. लोकांच्या मनात संग्रहालय म्हणजे न्यू पॅलेस. मेजर मँटनं आखलेला काळ्या दगडाचा राजवाडा, 1877 ते 1884 एवढी वर्षं बांधकाम, खाली शस्त्रं आणि पेंढा भरलेले वाघ, वर आजही छत्रपतींचं घराणं राहतंय. ते बघून आमच्याकडं आलेला माणूस चौकात उभा राहून विचारतो, "एवढंच?" त्याचा राग धरायचा नाही. राजवाड्यात बघायला वस्तू असतात. घराच्या संग्रहालयात घरच बघायचं असतं: चूल कुठं होती, बाळंतिणीची खोली कुठली, धान्याचं बळद भिंतीत कसं लपवलंय. राजारामपुरीत सिनेनट आणि चित्रकार चंद्रकांत मांडरेंचं घर आहे, आपलं राहतं घर आणि चित्रं त्यांनी सरकारला देऊन टाकली. तिथं माणूस चित्रं बघायला जातो आणि हा माणूस राहायचा कसा हे बघून येतो. आमच्याकडं तर कुणी नामांकित राहिलेलंच नाही. त्यामुळं आमचं काम जास्त अवघड आहे, असं माझं मत. वाडा चालवणाऱ्या ट्रस्टच्या मंडळींना ते पटत नाही, त्यांना कुणीतरी नामांकित पाहिजेच असतो. त्यावर येतो पुढं.

आधी पावसाचं. तुला वाटतंय, गाईडची काठी घेऊन फिरायचं. जून ते सप्टेंबर आम्ही काठी नाही, फडकं घेऊन फिरतो. आपला पाऊस तुला सांगायला नको. हवेतला दमटपणा पासष्ट टक्क्यांच्या वर राहिला की कागदावर, कातड्यावर, कापडावर बुरशी धरते, आणि आपल्याकडं तर पावसाळ्यात काटा महिनोन् महिने नव्वदीच्या आसपास. म्हणून रोज सकाळी प्रत्येक खोलीतला हायग्रोमीटर, म्हणजे दमटपणा मोजायचा काटा, बघून वहीत आकडा टाकायचा. शाळेच्या कचेरीत आयुष्यभर मस्टर लिहिलं, त्याचा असा उपयोग होईल असं वाटलं नव्हतं.

पश्चिमेच्या भिंतीला लोणा लागला होता. मागं कधीतरी कुणा शहाण्यानं चुन्याच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा मारलेला. चुन्याची भिंत ओल पिते आणि परत सोडते. वरून सिमेंट मारलं की आत गेलेली ओल आतच कोंडते, मग क्षार फुलून भिंत पिठासारखी झडायला लागते. सिमेंट काढून परत चुना करायचं ठरलं तर गवंड्याला प्रमाण सांगणार कोण? इथं आमच्याकडं येणारी कॉलेजची एक पोरगी कामाला आली. ती मोडी शिकलीय. वाड्याची जुनी रोजकीर्द, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, रुमालात बांधलेली होती, ती वाचता वाचता तिला दुरुस्तीच्या खर्चाची पानं सापडली: चुनकळी, गूळ, बेलफळं, चुन्याच्या घाणीच्या बैलाचं भाडं. प्रमाण काही लिहिलेलं नव्हतं, पण घातलं काय हे कळलं. मग कागलकडचा एक म्हातारा गवंडी मिळाला. त्यानं यादी ऐकली आणि म्हणाला, "मग सांगा की असं, सोप्पं हाय." भिंत या वर्षी पहिला पावसाळा काढतेय. बघू.

पंचगंगेचं म्हणशील तर राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोका पातळी. 2019 चा महापूर तू टीव्हीवर बघितलास, 2021 ला पाणी परत चढलं. आपली पेठ उताराची. त्यामुळं आमच्याकडं रीत अशी: 39 ची वाट बघायची नाही, त्याआधीच खालच्या फडताळातलं सगळं माडीवर न्यायचं. कागद आधी, मग कापड, मग लाकूड. पितळ आणि दगड शेवटी, ते पाण्याला भीत नाहीत. तुझी पाठ कशी आहे रे आता?

पितळेवरून सांगतो. आमची घंगाळं, बंब, समया काळपट दिसतात. गडहिंग्लज, चंदगडकडच्या आज्या अंबाबाईचं दर्शन घेऊन येतात आणि मला तोंडावर सुनावतात, "एवढी चिंच मिळत न्हाई व्हय कोल्हापुरात?" चिंच मिळते. पण चिंचेनं घासलं की दर खेपेला धातूचा पातळ पापुद्रा जातो, त्याबरोबर कडेला कोरलेलं नाव झिजतं. आमच्या एका हंड्यावर लग्नात आहेर करणाऱ्याचं नाव होतं. आता तिथं बोट फिरवलं तरच लागतं. हे सगळं त्या आज्यांना पटत नाही आणि मीही फार ताणत नाही. कापडाचंही तसंच आहे. शालू घडी घालून ठेवला की घडीवर जर तुटते, म्हणून मलमल गुंडाळलेल्या नळीवर गुंडाळून ठेवतो. मांडायचा तो थोडे महिने, तेही पन्नास लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आतल्या मंद उजेडात. लोक म्हणतात, "अंधार का केलाय?" उजेडानं उडालेला रंग परत येत नाही, म्हणून.

आता सांगायच्या कामाबद्दल, कारण तुझा जीव तिथंच अडकलाय.

माजघरात एक लांब फळी होती, आडव्या खाचा पाडलेली. माझ्या आधीच्या लोकांनी तिच्याखाली पाटी लावली होती, 'कपडे धुण्याची फळी'. दिसते तशीच. एकदा निपाणीकडची एक म्हातारी पाटी वाचून घेऊन पोट धरून हसली. म्हणाली, हा शेवयांचा पाट. एक टोक पेटीवर चढवायचं, वर बाईनं बसायचं, तेल लावून कणीक खाचांवरनं हातानं खाली सोडत न्यायची, आणि खालच्या टोकाला पोरानं काठी धरून सुटलेल्या शेवया झेलायच्या. आजी नुसती सांगून थांबली नाही. मी आडवं यायच्या आत पाटाच्या टोकाला बसून हात कसा फिरतो ते करून दाखवलं. वस्तूला हात लावायचा नाही हा नियम मी त्या दिवशी गिळला. पाटी बदलली. रजिस्टरात त्या फळीपुढं आजींचं नाव, गाव, तारीख आणि त्यांनी सांगितलं तसं सगळं उतरवलं. दिग्या, आमच्याकडं खरं काम हे रजिस्टर आहे. कोणती वस्तू, कुठून आली, कुणी दिली, कशाला वापरायचे, हे कुणी सांगितलं. त्याच्याशिवाय तो पाट म्हणजे बंबात घालायचं सरपण.

आता सोप्यावरची खुर्ची. मोठी, वेताची बैठक, हातांवर सिंहाची तोंडं. तिला सगळे 'महाराजांची खुर्ची' म्हणतात. शाहू महाराज वाड्यावर आले, ह्या खुर्चीत बसले, चहा प्याले. आधीचा सांगणारा तर महाराजांच्या देहानं खुर्ची कशी करकरली तेही आवाज काढून दाखवायचा. पब्लिक खूश. तुला माहीतच आहे, कोल्हापुरात ज्या घराला माडी आहे त्या घरात महाराज चहा पिऊन गेलेले असतात. आम्ही रोजकीर्द चाळली, पत्रं चाळली, घरातल्या लोकांना विचारलं. कागद नाही. नुसतं 'असं म्हणतात'. मग मी तेच सांगायला लागलो: असं म्हणतात, कागद सापडलेला नाही. लोक हिरमुसतात. एका ट्रस्टींनी तर मला बाजूला घेऊन समजावलं की एवढं बारीक सांगायची काही गरज नाही.

मला वाटतं, गरज आहे. कारण महाराजांच्या चहाची खरी गोष्ट आपल्याच गावात घडलेली आहे, कागदोपत्री. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातीतल्या गंगाराम कांबळेंना त्यांनी हॉटेल काढून दिलं आणि जिथं कुणी पाय ठेवायला तयार नव्हतं तिथं स्वतः जाऊन चारचौघांत चहा प्याले. 1902 मध्ये नोकऱ्यांतल्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखीव करणारा राजा तो. एवढी खरी गोष्ट हाताशी असताना आमच्या करकरणाऱ्या खुर्चीची गरज काय? उलट आम्ही खोटं बोललो तर उद्या खऱ्यावरही कोण विश्वास ठेवील?

आणि ह्याच्याच पोटातली दुसरी गोष्ट. मागच्या वर्षी एका खेड्यातल्या शाळेची सहल आली. सहावीतलं एक पोरगं सगळ्यांच्या मागं राहून मला विचारतं, "सर, आमच्या पणजोबाला हितं आत येऊ दिलं असतं काय?" त्यांचे गुरुजी कावरेबावरे झाले. मी म्हणालो, "न्हाई. दिंडी दरवाज्याबाहेरच्या कट्ट्यापर्यंत. धान्य तिथंच मोजून घालायचे." पोरगं आडाकडं बघत म्हणालं, "आणि पाणी?" "वरनं ओतायचे." त्यानं मान हलवली आणि पळत जाऊन तो कट्टा बघून आलं. हे मी मनानं सांगितलं नव्हतं. वाड्यातल्याच थोरल्या काकूंनी, त्या होत्या तेव्हा, स्वतः सांगितलेलं आहे, नावानिशी लिहिलेलं आहे. म्हणजे ऐकीवच, पण कुणाचं ऐकीव ते माहीत असलेलं. तेव्हापासून मी फेरी कट्ट्यापासूनच सुरू करतो. त्यावरही कुरबूर झाली, वाड्याचं नाव खराब होतं म्हणून. मी म्हटलं, मग खुर्चीची आणि कट्ट्याची दोन्ही गोष्टींची चौकशी एकाच मापानं करूया. तेव्हापासून तो विषय निघालेला नाही.

तर तुला सांगता येतं ह्याबद्दल मला शंका नाही. 'इथं कागद संपला' एवढं म्हणून तुला गप्प बसता येईल का, ही शंका आहे. म्हणून पहिला पावसाळा तुला फेरी मिळणार नाही. रजिस्टर, फडकं आणि हायग्रोमीटर. दिवाळीनंतर बघू.

पैशाचंही स्पष्ट सांगतो. मी सुरुवातीला फुकटच यायचो. पुढं ट्रस्टनं थोडं मानधन धरलं, आता मी अर्धा नोकर, अर्धा हौशी. तू फुकट येतोस हे चांगलंच आहे, पण झाडलोटीच्या मावशींचं काम तू करायचं नाहीस. त्यांचा पगार आधीच तुटपुंजा. 'स्वयंसेवक आहेत की' असं म्हणून त्यांचे दिवस कमी करायची कल्पना एकदा निघालेली आहे. आणि खरं सांगायचं तर वाडा त्यांच्याइतका आम्हा कुणालाच कळत नाही. माडीच्या तुळईखाली पिठासारखा भुस्सा, म्हणजे लाकूड पोखरलं जात असल्याची खूण, पहिल्यांदा त्यांना दिसला. माझ्या डोक्यावर पडत होता तरी मला दिसला नाही. कॉलेजची पोरं येतात, त्यातली बरीच सर्टिफिकेटपुरती. त्याला माझी हरकत नाही, सर्टिफिकेट घेऊन जाताना चार फ्रेमा तरी दोन्ही हातांनी धरायला शिकून जातात. त्रास हौशी म्हाताऱ्यांचा. म्हणजे आपला. आपण वेळेवर येत नाही, आलो की बोलत बसतो, आणि मंगळवारी येतो म्हणून गुरुवारी उगवतो. शाळेची पन्नास पोरं दारात उभी असताना 'आज गुडघा दुखतोय' असा फोन आला की काय होतं ते मी भोगलंय.

एक काम मात्र येण्याआधीच कर. तुझ्या आजोबांच्या कुस्तीचा फोटो आणि तो चांदीचा कडा तुमच्या ट्रंकेत आहे असं तू कायम म्हणतोस. असेल तर घेऊन ये. फोटोच्या मागं काही लिहिलं असेल तर त्याला चिकटपट्टी लावू नकोस, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालू नकोस, साध्या पांढऱ्या कागदात गुंडाळ. आणि आत्या अजून आहेत ना इस्लामपुरात? त्यांना फोन करून विचार, कुस्ती कुणाबरोबर झाली, कोणत्या साली, त्यांना कुणी सांगितलं. त्या जे म्हणतील ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे, आपल्या पदरची भर घालू नकोस. पंजाबचा पैलवान खरा निघाला तर पहिली माफी मीच मागीन.

महालक्ष्मीचं तिकीट काढलंस की कळव, सकाळी स्टेशनवर येतो. राहायची सोय होईपर्यंत आमच्याकडंच. हिला सांगितलंय, ती म्हणते पांढरा रस्सा करीन, पण दिग्याभावजींना सांगा की वाटीनं प्या, पातेल्यानं नको. छत्री आण. रेनकोट आणू नकोस, ओला रेनकोट वाड्यात टांगू देत नाही.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझा,
बाळ्या