ग्रँड कॅन्यनच्या कडेने

चि. समीर यास,
अनेक आशीर्वाद.

"स्वतः गाडी चालवा, म्हणजे हवे तिथे थांबता येईल," असे तू बजावले होतेस. तरीही ग्रँड कॅन्यनच्या दक्षिण कड्यावर आम्ही गाइडच्या व्हॅननेच फिरलो आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. ग्रँड कॅन्यन व्हिलेजपासून डेझर्ट व्ह्यूपर्यंतचा सुमारे 40 किलोमीटरचा रस्ता बराचसा रानातून जातो. दरी हाकेच्या अंतरावर असूनही झाडीआड दडलेली असते. एकटा असतो, तर प्रत्येक पाटीपाशी उतरून, फोटो काढून मी लगेच पुढे निघालो असतो.

पहिल्या थांब्यावर केलेही तसेच. गाइडबाई थरांविषयी सांगत होत्या आणि मी मोबाइल आडवा-उभा धरण्यात गुंग होतो. मग पुढच्या थांब्यापर्यंत तुझ्या आईने मला सारे समजावून सांगितले, आणि तेही किती खुशीत, हे तुला वेगळे सांगायला नको.

एके ठिकाणी बाईंनी पायाखालच्या फिकट चुनखडीवर बाटलीतले घोटभर पाणी ओतले, तशी कोरड्या दगडात मुळीच न दिसणारी शिंपल्याची बारीक नक्षी उमटली आणि दगड सुकताच पुन्हा पुसट झाली. समुद्रसपाटीपासून 2,000 मीटरहून उंच, त्या रखरखीत कड्यावर आपण सुमारे 27 कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राच्या तळावर उभे आहोत, हे मला आकड्यांनी पटले नव्हते. त्या घोटभर पाण्याने पटले.

लिपान पॉइंटवर मात्र आम्ही बराच वेळ रेंगाळलो. तिथून वरचे थर आडवे आणि त्यांच्याखालचे जुने थर तिरपे कललेले स्पष्ट दिसतात. दोहोंच्या मधल्या काळाचा कितीतरी खडक झिजून गेला आहे, हे कोणी बोट दाखवल्याशिवाय माझ्या ध्यानात आले नसते. दीड किलोमीटरहून अधिक खोल असलेली ही दरी कोलोरॅडो नदीने गेल्या 50-60 लाख वर्षांत कोरली, आणि ती नदी वरून सुतळीएवढी दिसते. तळाच्या सुमारे 170 कोटी वर्षे जुन्या काळ्या खडकाला 'विष्णू शिस्ट' म्हणतात. क्लॅरेन्स डटन या भूशास्त्रज्ञाने 19व्या शतकात इथल्या सुळक्यांना पूर्वेकडच्या देवतांची नावे देण्याचा पायंडा पाडला होता; तुझ्या आईने लगेच हात जोडले.

शेवटी डेझर्ट व्ह्यूचा दगडी मनोरा पाहिला. वास्तुकार मेरी कोल्टर यांनी 1932 मध्ये तो उभारला, तो जुनापुराणा वाटावा म्हणून भिंतींत मुद्दाम भेगाही ठेवून. आतली काही चित्रे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी होपी जमातीच्या फ्रेड काबोटी या चित्रकाराची आहेत. जिने चढताना मला धाप लागली. तुझी आई माझ्याआधी वर पोहोचली.

तू जाशील तेव्हा व्हॅनमध्ये डाव्या बाजूची खिडकी माग. व्हिलेजहून पूर्वेकडे जाताना दरी त्याच हाताला येते, आणि आम्ही उजवीकडे बसलो होतो.

तुझा,
बाबा