वॉकीटॉकी: आधी विकणाऱ्याला विचारा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बिनपरवाना वॉकीटॉकींवरची कालची बातमी वाचली. छोटे व्यावसायिक परवाना ‘चुकवतात’ असं तीत दोनदा लिहिलं आहे. मी चाकण परिसरात कारखान्यांच्या शेड उभारायची कामं घेतो. तो शब्द मला लागला. चुकवायचं तर परवाना लागतो हे आधी माहीत हवं ना! २०२३ च्या पावसाळ्यात मी सहा सेट ऑनलाइन घेतले. रेंज, बॅटरी, रंग सगळं त्या पानावर होतं. परवान्याबद्दल अक्षर नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ट्रस, म्हणजे छपराचा लोखंडी सांगाडा, चढवत होतो. क्रेन ऑपरेटरला वरचा माणूस दिसत नव्हता, सगळी भिस्त सेटवर. बोल्टची भोकं जुळवायला फिटरचा हात कॉलमच्या डोक्यावर, आणि सेटवर आवाज आला, ‘आरिया!’, म्हणजे ‘खाली सोड’. ऑपरेटरने ट्रस खाली सोडला. आमच्यातलं कुणीच बोललं नव्हतं. शेजारच्या प्लॉटवर तसलेच सेट होते, दोन्हींत कारखान्यातूनच तेच चॅनल भरून आलेले. त्यांच्या रिगरचा, म्हणजे क्रेनला माल बांधून देणाऱ्याचा, आरिया आमच्या क्रेनने ऐकला. पोराने हात ओढला म्हणून वाचला. हातमोजा ट्रसखाली राहिला. बावीस वर्षांचा मुलगा. त्या दिवशी पुढचं काम मी बंद ठेवलं.

म्हणून परवाना नको असं मी म्हणत नाही. आपल्याला ठरवून दिलेली फ्रिक्वेन्सी का हवी, हे त्या हातमोज्याने मला शिकवलं. बातमीत सुचवलेला बिनपरवान्याचा फ्रिक्वेन्सी-पट्टाही आमच्या कामाचा नाही. २०१८ च्या नियमांनी तो खुला केला, पण तो सामायिक आहे, दुसऱ्याचा आवाज घुसला तर दाद मागता येत नाही. खेळण्याला चालेल, लटकत्या लोखंडाला नाही.

सेट परत करायला गेलो तर मुदत संपलेली. परवान्याची चौकशी केली तर त्या सेटना टाइप अप्रूव्हलच, म्हणजे त्या मॉडेलला सरकारी मंजुरीच, नाही, मग परवाना कशाचा मिळणार? १९३३ च्या कायद्यापासून असं यंत्र नुसतं जवळ ठेवणंही गुन्हा आहे. शिवाय अर्जात सेट कुठे वापरणार ते लिहायचं असतं, आणि आमची साइट चार महिन्यांत हलते. हल्ली मधल्या मचाणावर जादा माणूस उभा करून हाताच्या खुणांवर ट्रस चढवतो. पावसात त्या खुणाही धड दिसत नाहीत.

केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने मे २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहिती दिल्याशिवाय सेट विकायला ठेवायचा नाही, असं त्यांत आहे. हे दोन वर्षं आधी झालं असतं तर माझे पैसे वाचले असते. तुमच्या बातमीत त्यावर एक ओळ नाही. सेट घेणाऱ्यांची झाडाझडती मात्र तीन कॉलम.

आणखी एक. खुला पट्टा तुम्ही ‘४४६ गिगाहर्ट्झ’ छापला आहे. तो ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ आहे. हजारपटीची चूक आहे ही. कात्रण खिशात घालून दुकानात जाणारे वाचक आहेत तुमचे. दुरुस्ती उद्याच्या अंकात, बातमी होती त्याच पानावर छापावी, ही विनंती.

आपला,
एक शेड कॉन्ट्रॅक्टर, चाकण