गव्याच्या खुराला गुण द्या

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

यंदाच्या गणेशोत्सवात आमच्या खानापूर तालुक्यातील एका मंडळाने शाळकरी मुलांसाठी चित्रकला स्पर्धा घेतली. विषय होता 'पावसाळ्यातील बसस्टँड'. माझ्याकडे रविवारी चित्रे काढायला येणाऱ्या सातवीतल्या एका मुलाचा कागद परत मिळाला, तो खालच्या कोपऱ्यात लाल पेनाचा ठसठशीत शेरा घेऊन : 'कार्टून. विषय सोडून.' शेरा मारायचाच होता तर कागदाच्या पाठीमागे मारायचा.

चित्रात बसस्टँड आहे, पाऊसही आहे. फक्त गाडीची वाट बघत उभा आहे तो गवा, घोंगड्याची खोळ पांघरून, दोन पायांवर. शेजारी बाकड्यावर अस्वल बसले आहे. पोराचे गाव जांबोटीच्या पलीकडे, जंगलाला लागून. गवे भातात शिरले की याचे वडील रात्री डबे बडवत बांधावर जागतात. त्याच्या बसस्टँडवर गवा येणार नाही तर काय जिराफ येईल?

परीक्षकांनी हे चित्र किती वेळ पाहिले, मला ठाऊक नाही. मी अर्धा तास पाहिले. शिंगे बाहेर यावीत म्हणून खोळीला दोन भोके पाडली आहेत आणि भोकांच्या कडा उसवलेल्या आहेत. तिकिटाचे पैसे गव्याने पुढच्या खुराच्या फटीत धरले आहेत. गव्याचा खूर दुभंगलेला असतो म्हणून ते जमते. घोड्याला जमले नसते, त्याचा खूर अखंड. अस्वलाच्या पायाशी चप्पल आहे, गवा मात्र अनवाणी. असे का, म्हणून विचारले तर पोरगा म्हणाला, "सर, गव्याला नाल ठोकावी लागंल, चप्पल कशी बसंल?" अस्वल आपल्यासारखा पुरा तळवा टेकून चालते, त्याच्या मागच्या पायाचा ठसा बघून माणूसच गेला असे वाटते. हे त्या पोराला कोणी पुस्तकातून शिकवलेले नाही.

जनावराला माणसासारखे उभे करणे म्हणजे पोरखेळ, असा समज आपल्याकडे पक्का आहे. एकदा काढून बघावे. लहानपणी मी बैलाच्या मागच्या पायाला उलटा वळलेला गुडघा काढत असे. कर्नाटकी बेंदराला वडील बैल धूत होते, तेव्हा मी विचारले, याचा गुडघा मागे का? त्यांनी माझा हात धरून बैलाच्या पायावरून वर नेला, पार पोटाजवळ. "गुडघा ह्यो हितं. खाली हाय ती टाच." पुढच्या पायाचा जो गुडघा आपण समजतो, ते खरे तर मनगट. हे एकदा हाताला कळले की बैलाला विजार घालता येते. तरी शेपूट उरतेच. ते पाठीच्या कण्याचे टोक, त्यामुळे विजारीची कंबर त्याच्या खाली घ्यावी लागते, नाही तर भोक पाडावे लागते. माझ्या रविवारच्या वर्गात या एका प्रश्नावर तासभर वाद चालतो.

चेहऱ्याचे तर विचारूच नका. गव्याचे डोळे दोन बाजूंना, समोरून काढला की चेहऱ्यावर भाव धरत नाही. या मुलाने तोंड थोडे वळवून एकच डोळा दाखवला आणि कंटाळा सगळा कानात घातला. खोळीखालून एक कान लोंबतो आहे. गाडी तासभर चुकली आहे, हे त्या कानावरून कळते.

आणि विषय सोडून म्हणाल तर आमच्याच तालुक्यात हलशीला भूवराह नरसिंहाचे कदंबकालीन मंदिर आहे. डुकराचे तोंड माणसाच्या खांद्यांवर कसे बसवायचे, हा त्या कारागिरापुढचा प्रश्न आणि या पोरापुढचा प्रश्न एकच. स्पर्धा झाली त्या मांडवात तर साक्षात गजमुख बसले होते, त्यांच्या समोरच हा शेरा पडला.

बक्षीस दिले नाही याबद्दल तक्रार नाही. रंग जरा चिखलट झाले आहेत, बसस्टँडचे छप्पर वाकडे आहे, हे मीही त्याला सांगितले. पण जनावरे माणसासारखी चालणार नसतील तर नियमात आधी लिहावे. आणि मुलाला समोर बसवून दोन मिनिटे 'हे असे का काढलेस' एवढे तरी विचारावे.

शेरा खोडरबराने निघेना. गेल्या रविवारी त्याने त्यावर तांबड्या पाण्याचे डबके रंगवले. अस्वलाची एक चप्पल आता त्यात तरंगते आहे.

आपला,
एक निवृत्त चित्रकला शिक्षक
खानापूर, जि. बेळगाव