आशाताई, तुम्ही श्वास मोजायला शिकवलंत

आशाताई, नमस्कार.

पुण्याला येऊन महिना होत आला. निघताना पिशव्या, पाळणा, आजीने बांधून दिलेले डिंकाचे लाडू या गडबडीत तुमच्याशी नीट बोलणं झालंच नाही. तुम्ही ओट्यावर उभ्या होतात, मी गाडीच्या काचेतून हात हलवला, तेवढंच. ते मनाला लागून राहिलंय, म्हणून हे पत्र. ते सगळ्यांसमोर लिहितेय, कारण वाडीच्या आशा सेविका, म्हणजे घरोघरी जाणाऱ्या आरोग्य स्वयंसेविका म्हणून तुम्ही आमच्यासाठी जे केलंत ते चार लोकांना कळायला हवं.

बाळाचं नाक चोंदलं ते बारशाच्याच दिवशी. आधी नुसती खुरखुर होती, मग रात्रीची घरघर सुरू झाली. अंगावर प्यायला लागायची, दोन घोट घ्यायची आणि श्वास कोंडला की तोंड सोडून रडायची. पुन्हा लावलं की पुन्हा तेच. अर्धा तास पाजूनही तिचं पोट भरत नव्हतं. डिसेंबरअखेरची जुन्नरची थंडी, आणि आत दारं-खिडक्या लावून सकाळ-संध्याकाळ ओव्याची, बाळंतशेपांची धुरी. आंघोळ घालणाऱ्या मावशी नाकात कोमट खोबरेल सोडायच्या. पाळण्याला ओवा-कापराची पुरचुंडी बांधलेली. यातलं सगळं मायेनेच चाललं होतं, म्हणून मला कुणाला काही म्हणता येत नव्हतं.

चौदाव्या दिवसाच्या भेटीला तुम्ही आलात तेव्हा मी रडकुंडीला आले होते. तुम्ही मला काही विचारलं नाहीत. आधी हात धुतलेत, पुसलेत, एकमेकांवर चोळून गरम केलेत. ती झोपेपर्यंत थांबलात. मग हलकेच झबलं वर केलंत, मनगटावरचं घड्याळ काढून तिच्या पोटाशेजारी धरलंत आणि ओठ मिटून बघत राहिलात. पूर्ण एक मिनिट. आई बोलायला गेली तर तुम्ही नुसता हात वर केलात. मग पुन्हा एकदा मोजलंत. ‘४६. आधी ४८ होते. छाती ठीक आहे हिची. आवाज नाकाचा आहे.’

मला तोवर कुणी सांगितलंच नव्हतं की ही दोन वेगळी असतात. लहान बाळ पहिले काही महिने बहुतेक नाकानेच श्वास घेतं, आणि त्या नाकाची वाट इतकी अरुंद की जरासं मेकूड अडकलं तरी खोलीभर घरघर ऐकू येते. कान आवाजाकडे लागतात, डोळे पोटाकडे जातच नाहीत. तुम्ही माझे डोळे तिकडे वळवलेत. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरले, फासळ्यांखाली खळगा पडायला लागला, पिणं सोडलं, अंग तापलं किंवा गार पडलं, ओठ निळसर दिसले, तर घरात बसायचं नाही, १०८ ला फोन करायचा. हे तुम्ही माझ्याकडून तीनदा म्हणवून घेतलंत.

आजीशी तुम्ही जे बोललात ते मी कधी विसरणार नाही. ती म्हणाली, ‘शेक दिल्याबिगर लेकराचं अंग भरत न्हाय. आम्ही चार पोरं अशीच वाढवली.’ तुम्ही तिच्याजवळ खाली बसलात. ‘आजी, शेक बंद नका करू. धूर तेवढा बंद करा. शेगडी अंगणात ठेवा, फडकं तिथं गरम करा, आधी आपल्या गालाला लावून बघा आणि मग आत आणा.’ आजी जरा वेळ गप्प राहिली, मग स्वतः उठून शेगडी बाहेर घेऊन गेली. घरातल्या थोर माणसाचा मान राखून त्याची सवय मोडता येते, हे मी तेव्हा पाहिलं. मावशींनाही तुम्ही तसंच समजावलंत, की नाकात सोडलेलं तेल श्वासाबरोबर छातीत उतरतं आणि त्यानेच न्यूमोनिया होऊ शकतो. पुरचुंडी सोडून तिच्यातल्या कापराच्या वड्या तुम्ही वेगळ्या काढल्यात आणि आईच्या हातात दिल्यात. पोरीच्या पोटात गेल्या तर झटके येतील म्हणालात.

बाबांनी मेडिकलमधून सर्दीचे थेंब आणून ठेवले होते, दुकानदाराने ‘सगळे हेच नेतात’ म्हणून दिलेले. तुम्ही खोका उजेडात धरून बारीक अक्षरं वाचलीत. क्लोरफेनिरामाइन आणि फिनाइलएफ्रिन एकत्र असलेलं औषध. चार वर्षांखालच्या मुलांना ते देऊ नये, असं खोक्यावर छापायचा आदेश केंद्राच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच काढलाय. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधाने दगावली, त्यातली कितीतरी नागपूरच्या दवाखान्यांत. तेव्हा मला सातवा महिना होता आणि त्या बातम्या मी पोटावर हात ठेवून वाचल्या होत्या. तरी त्या थेंबांचं झाकण मी उघडलं होतं, ताई. रात्री तीनला रडणारं बाळ मांडीवर असलं की वाचलेलं आठवत नाही. तुम्ही त्या दिवशी आला नसतात तर मी ते दिले असते.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेलात. डॉक्टरांनी छाती तपासून साफ आहे म्हणून सांगितलं आणि फक्त मिठाच्या पाण्याचे, सलाइनचे थेंब लिहून दिले. ते घालायचे कसे ते मात्र तुम्हीच शिकवलंत. बाटली आधी मुठीत धरून तिचा गारठा घालवायचा. पाजण्याच्या थोडं आधी एकेका नाकपुडीत एक-दोन थेंब. मिनिटभर थांबायचं, मऊ मलमलच्या टोकाची वळकटी करून बाहेर आलेलं तेवढंच टिपायचं, आत खुपसायचं नाही. मग उभं धरून पाजायचं. पहिल्यांदा तिच्या नाकातून वाळलेलं मेकूड सुटून आलं, आणि ती सलग दहा मिनिटं प्यायली. गट्‌गट्‌ आवाज येत होता. आई दारात उभी राहून डोळे पुसत होती.

नाक एका दिवसात मोकळं झालं नाही. तीन आठवडे लागले. पाचव्या आठवड्यात एका रात्री घरघर पुन्हा वाढली, आणि मी आईला न उठवता मोबाइलच्या उजेडात झबलं वर करून मोजलं. ५२. परत मोजलं, ५०. खळगा नव्हता. माझे हात कापत होते, पण मी मोजलं. थेंब घातले, पाजलं, पाठीवर निजवलं. सकाळी तुम्ही दारात हजर, भेटीचा दिवस नसताना.

तुमच्या ठरलेल्या भेटी सहा: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. आमच्याकडे तुम्ही दहा वेळा आलात. सहा भेटींचे मिळून तुम्हाला २५० रुपये मिळतात हे आईकडून कळलं तेव्हा मला बोलताच आलं नाही. घरोघरी जाऊन बाळ तपासायची ही रीत आपल्याच गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून उभी केली, तिथल्या नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले आणि १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते छापलं. मग ते देशभर गेलं. एवढं मोठं काम ज्यांच्या पायांवर उभं आहे त्यांना पगार नाही, मोबदला मिळतो, तोही इतका. हे मला पटत नाही, आणि मी ते जिथे बोलता येईल तिथे बोलणार आहे.

पोरगी आता हसते. झोपेत नाक अजून कधी कधी वाजतं, मी पोटाकडे बघते आणि पुन्हा झोपते.

साडेतीन महिन्यांचा डोस आम्ही गावातच घेणार आहोत, म्हणजे मार्चअखेरीला येतोय. वजनकाटा घेऊन या. आणि त्या दिवशी दुसरीकडे कुठे जेवू नका. तुम्हाला जेवू घातल्याशिवाय सोडायचं नाही, असं आजीने फोनवर दोनदा बजावलंय.

तुमच्या वाडीची माहेरवाशीण