या वयात काय शिकायचं, म्हणतोस?

परभणी

प्रिय मित्रा,

गोळ्या सुरू झाल्या, हे फार बरं झालं. खोकला इतके दिवस अंगावर काढल्याबद्दल वहिनींनी तुला जे ऐकवायचं ते ऐकवलंच असणार, मी त्यात भर घालत नाही. पण फोन ठेवता ठेवता तू जे बोललास ते काही केल्या मनातून जाईना. "डॉक्टर म्हणतेत बिडी सोडा, आजाराची माहिती घ्या. आता या वयात काय शिकायचं अन् काय सोडायचं?" आणि वर हेही म्हणालास, की टीबीचा जंतू बाहेरून आला, त्यात बिडीचा काय संबंध. या दोन्ही गोष्टींचं उत्तर फोनवर घाईघाईत देणं मला पटेना. म्हणून कागद घेऊन बसलोय.

आधी बिडीचं.

जंतू बाहेरूनच येतो, हे तुझं म्हणणं खरं. जर्मन डॉक्टर रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये तो जंतू दाखवून दिला, तेव्हापासून त्याबद्दल वाद नाही. कुणीतरी खोकतं, ते थेंब हवेत तरंगत राहतात, आपण श्वास घेतो आणि जंतू आत जातो. पण आत गेलेला प्रत्येक जंतू माणसाला आजारी पाडत नाही. जगातल्या जवळजवळ पाव लोकसंख्येच्या शरीरात हा जंतू कधी ना कधी शिरलेला आहे, असा अंदाज आहे. त्यातल्या शंभरातल्या पाच ते दहा जणांनाच आयुष्यात कधीतरी टीबी होतो. बाकीच्यांचं शरीर त्याला दाबून ठेवतं. म्हणजे खरा प्रश्न असा, की नव्वद जणांना जे जमतं ते तुझ्या छातीला का जमलं नाही?

आपल्या श्वासनळ्यांना आतून अतिशय बारीक, केसांसारखे तंतू असतात. रब्बीची ज्वारी वाऱ्यावर एका लयीत हलते ना, तसे ते सतत हलत असतात आणि वर बसलेला चिकट पातळसा थर घशाकडे ढकलत राहतात. धूळ, जंतू, काजळी त्या थराला चिकटून वर येते आणि आपल्या नकळत गिळली जाते किंवा खोकून बाहेर पडते. धुरानं हे तंतू आधी मंदावतात, आणि वर्षानुवर्षं धूर लागत राहिला की झडतात. सकाळी उठल्या उठल्या तुला जो खोकला येतो, ज्याला तू "बिडीचा खोकला" म्हणून सोडून देत होतास, तो म्हणजे साफसफाईचं हे काम आता खोकल्याला करावं लागतंय. आणि बघ, याच सवयीच्या खोकल्यामागे टीबीचा खोकला लपून राहिला. बिडी ओढणाऱ्याचा आजार उशिरा कळतो, त्याचं हे एक मोठं कारण आहे.

त्याच्याही खाली, फुप्फुसाच्या अगदी टोकाशी हवेचे बारीक फुगे असतात, वायुकोश. तिथं शरीराच्या भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. आलेला जंतू त्या गिळतात आणि इतर पेशींना हाक देतात. टीबीचा जंतू मोठा चिवट, गिळल्यावरसुद्धा पेशीच्या आत जिवंत राहू शकतो. म्हणून या पेशी धडधाकट असणं आणि त्यांनी वेळेवर हाक देणं, यावरच सगळं अवलंबून असतं. धूम्रपान करणाऱ्यांच्या या पेशी धुराच्या कणांनी भरून जातात, त्यांची जंतू मारायची ताकद घटते, आणि हाक देण्यासाठी लागणारी रसायनं निकोटीनमुळे कमी पडतात. जंतू बाहेरूनच आला, मित्रा. पण त्याला आत थारा मिळाला तो धुरामुळं.

हे काही परदेशातल्या पुस्तकातलं सांगत नाही. आपल्याच देशात, तमिळनाडूत, चेन्नईच्या डॉ. गजलक्ष्मी आणि ऑक्सफर्डचे रिचर्ड पेटो यांनी मिळून मरण पावलेल्या ४३ हजार पुरुषांची माहिती गोळा केली. त्यांच्या घरोघरी जाऊन विचारलं, हा माणूस बिडी-सिगारेट ओढत होता का? सोबत ३५ हजार जिवंत पुरुषांची माहिती घेऊन दोन्हींची तुलना केली. २००३ साली ते छापून आलं. धूम्रपान करणाऱ्यांत टीबीनं मरण्याचं प्रमाण न करणाऱ्यांच्या सुमारे चौपट निघालं. त्यांचा हिशेब असा, की भारतात टीबीनं मरणाऱ्या पुरुषांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या मरणाला धूम्रपान कारण आहे. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटवून बराच वेळ गप्प बसलो होतो. आपल्या गावातल्या किती माणसांची नावं डोळ्यांपुढून गेली! आपण तेव्हा "क्षयानं गेला" एवढंच म्हणत होतो. त्यांच्या उशाशी असलेल्या बंडलाकडे आणि काडेपेटीकडे कुणी पाहिलंच नाही.

तुला बिडी कुठं लागली, ते मला पक्कं ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात. आपण नववीत होतो. मला परभणीला मामाचं घर होतं म्हणून माझी शाळा चालू राहिली. तू आईसोबत दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलास. लाल मिलो ज्वारीच्या भाकरी आणि सुकडीवर ते दिवस निघाले. कामावरच्या मोठ्या माणसांनी तुझ्या हातात बिडी दिली आणि म्हणाले, "वढ, भूक मरती." ते खोटं बोलत नव्हते. निकोटीननं भूक खरंच मंदावते. पोराच्या पोटात घालायला त्यांच्याजवळ दुसरं काही नव्हतं. म्हणून तुझ्या बिडीला मी कधी चैन म्हणणार नाही, व्यसन म्हणून तुला कमीही लेखणार नाही. ती भुकेवरचा उपाय म्हणून आली आणि भूक सरल्यावरही राहिली. शाळाही त्याच दुष्काळानं तोडली. माझ्या मनात या दोन गोष्टी नेहमी जोडीनं येतात, आणि आता त्या दोन्हींबद्दल काही करता येईल असं मला मनापासून वाटतं, म्हणून हे एवढं लांबण लावतोय.

एका माणसाबद्दल सांगतो. इंग्लंडचे डॉ. रिचर्ड डॉल. १९५० च्या आसपास फुप्फुसाचा कर्करोग का वाढतोय हे शोधायला ते निघाले, तेव्हा स्वतः सिगारेट ओढत होते. त्यांचा संशय रस्त्यावरच्या डांबरावर आणि मोटारींच्या धुरावर होता. लंडनच्या इस्पितळांतल्या रुग्णांना विचारत गेले तसं उत्तर सिगारेटकडे बोट दाखवू लागलं, आणि अभ्यास पुरा व्हायच्या आधीच त्यांनी स्वतःची सिगारेट सोडली. मग १९५१ मध्ये त्यांनी आणि त्यांचे सहकारी, संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी ब्रिटनमधल्या डॉक्टरांनाच पत्रं पाठवून त्यांच्या सवयी विचारल्या. चाळीस हजारांवर उत्तरं आली. त्यातल्या पुरुष डॉक्टरांचा मागोवा पन्नास वर्षं घेतला गेला. त्या पन्नास वर्षांचा निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा डॉल ९१ वर्षांचे होते. पुढच्याच वर्षी ते वारले. म्हणजे आयुष्याच्या अगदी शेवटापर्यंत हा माणूस आपल्याच जुन्या प्रश्नाचं उत्तर अधिक नीट शिकत होता. मला त्यांच्या आकड्यांइतकंच याचंही अप्रूप वाटतं.

आकडेही ऐक, कारण ते तुझ्या कामाचे आहेत. आयुष्यभर सिगारेट ओढणारे डॉक्टर सरासरी दहा वर्षं लवकर गेले. तिसाव्या वर्षी सोडणाऱ्यांची ती दहाही वर्षं वाचली, चाळिशीत सोडणाऱ्यांची नऊ, पन्नाशीत सहा. आणि साठीत सोडणाऱ्यांची तीन. साठीत, मित्रा! आपण दोघं साठी ओलांडून पुढं आलोय, तरी त्या हिशेबातून बाहेर पडलेलो नाही.

बिडी हलकी असते, पानातली असते, हा आपल्याकडचा समज तर पार सोडून दे. टेंभुर्णीच्या पानात गुंडाळली म्हणून आतला तंबाखू बदलत नाही. बिडी सारखी विझते, म्हणून ती जोरानं आणि पुन्हा पुन्हा ओढावी लागते. धूर उलट जास्तच आत जातो.

आणि हे टीबीपुरतं नाही. न्यूमोनियाचा जो नेहमीचा जंतू रक्तात शिरून माणसाला अंथरुणाला खिळवतो, त्याचा धोका धूम्रपानानं कितीतरी पट वाढतो. फ्लूचंही तसंच. इस्रायलच्या लष्करातल्या एका तुकडीत फ्लूची साथ आली, सगळे तरणेबांड जवान. धूम्रपान करणाऱ्या शंभरांत ६८ आजारी पडले, न करणाऱ्या शंभरांत ४७. हिरड्यांचे आजार, न भरणाऱ्या जखमा, हेही त्याच यादीत येतं. तुला सगळी यादी वाचून दाखवत नाही.

तुझा नातू मात्र तुझ्याच खोलीत झोपतो, हे तूच सांगितलंस. लहान मुलांच्या श्वासनळ्या अरुंद असतात. घरातल्या धुरामुळं त्यांना न्यूमोनिया आणि कानाचे आजार जास्त होतात. दारात बसून ओढली तरी धूर आत येतोच.

आता शिकण्याचं. तुला माहीत आहे, निवृत्तीनंतर मी इथल्या साक्षरतेच्या वर्गाला जातो. 'उल्लास' कार्यक्रमातला वर्ग आहे, पंधरा वर्षांच्या पुढच्या कुणालाही येता येतं. शेवटी दीडशे गुणांची परीक्षा असते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान. आमच्या वर्गात एक आजीबाई येतात. आयुष्य निंदण-खुरपण करण्यात गेलं. पहिले काही आठवडे त्या पेन्सिल धरायलाच घाबरत होत्या, बोटं ताठून जायची. एक दिवस येताना गोळ्यांचं पाकीट घेऊन आल्या. नवऱ्याच्या रक्तदाबाच्या गोळ्या होत्या. "गुरुजी, ह्याच्यावर काय ल्हेलंय ते मला वाचता आलं पाहिजे. आजवर रंगावरून देत व्हते." त्यांना कविता नको होत्या, गोष्टी नको होत्या. त्यांना ते पाकीट वाचायचं होतं. मग आम्ही फळ्यावर महिने, वर्षं, आकडे लिहून तारीख वाचायला शिकलो. आता त्या गोळीची मुदत संपलीय का ते स्वतः बघतात आणि दुकानदाराला विचारतात.

तुझ्या हातात आता तसंच पाकीट आहे. वजनाप्रमाणे दिलेल्या गोळ्या, पहिले दोन महिने चार औषधं एकत्र, पुढचे चार महिने तीन. त्यातल्या एका औषधानं लघवी केशरी होते. घाबरून गोळी बंद करू नकोस, तो त्या औषधाचाच रंग असतो. पण डोळे पिवळे दिसले, उलट्या थांबेनात किंवा नजर अंधूक झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. महिना-दीड महिन्यात बरं वाटायला लागेल, भूक लागेल, वजन वाढेल, आणि नेमकी तेव्हाच लोक गोळ्या सोडतात. जंतू तेव्हा अर्धमेला असतो. अर्धवट औषधातून वाचलेल्या जंतूवर पुढं तीच औषधं चालेनाशी होतात. आणि उपचार चालू असताना बिडी चालू राहिली तर आजार उलटण्याची आणि दगावण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर ती सोड म्हणत होते. सरकारकडून पोषणासाठी महिन्याला हजार रुपये या हिशेबानं मदत खात्यावर येते, त्यासाठी बँकेचं पासबुक आशाताईंकडे दिलंस का? दिलं नसशील तर उद्या दे. अंडी, डाळी, शेंगदाणे, दूध, जे पचेल ते खा.

बिडी सोडणं सोपं आहे असं मी म्हणणार नाही. पहिला आठवडा सर्वात जड जातो. चिडचिड होईल, झोप लागणार नाही, वहिनींवर खेकसशील. त्यांना आधीच सांगून ठेव. तलफ येते तेव्हा ती कायमची राहणार असं वाटतं, पण थोड्या मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ पाणी पी, उठून चाल, मला फोन लाव. निकोटीनचं च्युइंगम मिळतं, डॉक्टरांना विचारून घे. १८००-११-२३५६ या नंबरवर फुकट फोन करून मार्गदर्शन मिळतं. सुरुवातीला खोकला जरा वाढल्यासारखा वाटला तर भिऊ नकोस, ते बारीक तंतू पुन्हा कामाला लागत असतात. आणि एक कृपा कर, बिडी सोडून तंबाखू-चुना मळायला लागू नकोस. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या महाराष्ट्रात ओढणारे शंभरात चारच होते आणि खाणारे चोवीस. बिडी सोडलेली कितीतरी माणसं मी तिकडं वळलेली पाहिलीत, आणि त्यांच्यातल्या काहींची तोंडं उघडेनाशी झाली.

सोबत टीबीवरची एक मराठी पुस्तिका पाठवतोय. अक्षर मोठं आहे. मी पेन्सिलीनं काही ठिकाणी खुणा केल्यात, पण तू सगळीच वाच. न कळलेलं वहीत लिहून ठेव, डॉक्टरांना विचार, मला विचार. नववीत तू माझ्याहून हुशार होतास, गणितात तर फारच. तो हुशार पोरगा कुठं गेला नाही, त्याला नुसती शाळा मिळाली नाही. वहिनींनाही पुस्तिका वाचून दाखव.

आणि घरच्या सगळ्यांची तपासणी अजून राहिली आहे ना? नातवाची तर आधी करायला हवी. आजार नसला तरी लहान मुलांना प्रतिबंधाचं औषध देतात. दवाखान्यानं कोणता दिवस दिलाय ते कळव, मी सकाळच्या गाडीनं येतो आणि तुम्हा सगळ्यांबरोबर येऊन रांगेत बसतो. येताना काय आणू तेही सांग.

वहिनींना नमस्कार, नातवाला आशीर्वाद.

तुझाच,
नववीतला बाकावरचा सोबती