लिलावाच्या दोन दिवस आधी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कर्जे बुडवून परदेशी पळालेल्या उद्योगपतींवरचा आपला अग्रलेख वाचला. त्यातला संताप मला पटतो. पण 'दिवाळखोर' हा शब्द त्यात शिवीसारखा आला आहे, आणि तो मला लागला. २००८ ते २०१३ या काळात न्यू जर्सीत मी स्वतः कागदोपत्री दिवाळखोर होते. कोणाचेही पैसे घेऊन पळाले नव्हते.

२००७ च्या वसंतात यजमानांना पक्षाघात झाला. उरला तो माझा पगार, एका दवाखान्यात बिले करण्याच्या कामाचा. घराचा हप्ता २,१४० डॉलर. एक चुकला, मग चुकतच गेले. अर्धा पाठवला तर बँकेने परत केला. १४ महिन्यांत थकबाकी, दंड आणि बँकेच्या वकिलाचा खर्च मिळून आकडा ३४,००० वर गेला. मधल्या काळात 'घर वाचवून देतो' म्हणणाऱ्या एका गृहस्थाने २,००० डॉलर घेतले आणि बँकेशी बोलू नका असे बजावले. मी ते ऐकले, याचे दुःख अजून आहे.

बँकेने लावलेला घराचा लिलाव बुधवारी होता. सोबत काम करणाऱ्या एका बाईंनी मला ओढतच वकिलाकडे नेले. सोमवारी अमेरिकी दिवाळखोरी कायद्यातल्या चॅप्टर १३ चा, म्हणजे थकलेली देणी हप्त्यांनी फेडण्याच्या योजनेचा, अर्ज दाखल झाला आणि त्याच क्षणी लिलावाला कायद्याने स्थगिती मिळाली. लिलावात घर विकले जाईपर्यंतच थकबाकी अशी फेडता येते. त्यानंतर अर्ज करून घर परत मिळत नाही.

चॅप्टर १३ मध्ये घराचे कर्ज माफ होत नाही, हे कृपया छापा. राहत्या घराच्या कर्जाचा व्याजदर किंवा मुद्दल कोर्ट सहसा कमी करत नाही. चालू हप्ता दरमहा भरायचाच, आणि जुनी थकबाकी तीन ते पाच वर्षांत ट्रस्टीमार्फत, म्हणजे आपले पैसे घेऊन ज्यांचे देणे आहे त्यांना पोचवणाऱ्या व्यक्तीमार्फत, फेडायची. आम्हाला ६० महिने मिळाले. ट्रस्टीच्या शुल्कासह महिन्याला सुमारे ६२५ डॉलर, शिवाय २,१४० चा हप्ता. पहिला भरणा अर्जानंतर ३० दिवसांच्या आत. यजमानांना अपंगत्वाचे पैसे सुरू झाले होते, शनिवारी मी दुसरे काम धरले, म्हणून जमले. ज्याला चालू हप्ताच झेपत नाही, त्याचे घर याने वाचत नाही. निम्म्यात मोडलेल्या योजना मी पाहिल्या आहेत. अर्ज फेटाळला गेला आणि वर्षाच्या आत पुन्हा केला, तर स्थगिती आपोआप ३० दिवसांचीच मिळते. त्याच कायद्यातले चॅप्टर ७ वेगळे. त्यात क्रेडिट कार्डांची देणी सुटतात, पण घराची थकबाकी फेडायला मुदत मिळत नाही. बँक कोर्टाची परवानगी घेऊन पुन्हा लिलावाकडे वळते.

अर्जाआधी कर्जाबाबतचे समुपदेशन सक्तीचे असते. ते फोनवर झाले. मला जड गेली ती मालमत्तेची यादी. मंगळसूत्र, पाटल्या, आईने दिलेली ठुशी, सगळे लिहिले. गावाकडच्या शेतातला यजमानांचा वाटाही लिहिला, कारण जगात कुठेही असलेली मालमत्ता दाखवावी लागते आणि लपवणे गुन्हा आहे. ट्रस्टीने शेतावर बरेच प्रश्न विचारले. सातबारा मागवताना भावजींना कारण सांगावे लागले, आणि त्या दिवशी घरच्यांना कळले. तोवर दीड वर्ष आम्ही फोनवर 'मजेत आहोत' म्हणत होतो.

ते दीड वर्ष मी शब्दापायी घालवले. दिवाळे काढले म्हणतील, माहेरी काय वाटेल, या विचाराने वकिलाची पायरी चढले नाही. सहा महिने आधी गेले असते तर थकबाकी निम्मी असती आणि शनिवारचे काम करावे लागले नसते.

आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले इथे आहेत. नोकरी गेलेल्या मुलाचा आवाज फोनवर बदललेला वाटला, तर त्याला हप्ते थकलेत का आणि लिलावाची तारीख पडली आहे का, एवढे थेट विचारावे. तारीख पडली असेल तर त्याच आठवड्यात दिवाळखोरीच्या वकिलाकडे जायला सांगावे.

आपली,
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी