वीस बोरचं पिवळं काडतूस आणि तुमचा रविवारचा लेख

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी तुमच्या पेपरचा जुना वाचक, ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहतो, वय सत्तरच्या पुढे. पत्र लिहायची सवय नाही आणि आमचं मराठी इकडचं, हिंदीच्या हवेतलं, तेव्हा चुका सांभाळून घ्या. गेल्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकेत राहणारी आपली मराठी मुलं तिकडे रीतसर लायसन्स काढून पक्ष्यांच्या शिकारीला जातात त्यावर लेख होता, वाचायला मजा आली, पण त्यात बंदूक कोणती घ्यावी म्हणून जो सल्ला दिलाय तो वाचून राहवलं नाही. लेखात म्हटलंय की नवशिक्याने, बायकांनी आणि मुलांनी फोर-टेन नावाची बारीक नळीची बंदूक घ्यावी कारण ती "सर्वात सोपी आणि हलकी". साहेब, हे चुकीचं आहे आणि मी हे स्वतःच्या खांद्यावरून सांगतोय.

आधी बोर म्हणजे काय ते सांगतो कारण लेखात त्याचाही घोळ झालाय. एक पौंड शिसं घ्यायचं आणि त्याच्या १२ सारख्या गोळ्या ओतायच्या, त्यातली एक गोळी जेवढी जाड तेवढी १२ बोरची नळी, म्हणजे साधारण १८.५ मिलिमीटर. २० गोळ्या केल्या की प्रत्येक गोळी लहान होणार, म्हणून २० बोर बारीक, १५.६ च्या आसपास, आणि २८ बोर १४ मिलिमीटर. म्हणून आकडा मोठा की नळी लहान. फोर-टेन मात्र या हिशोबात बसतच नाही, ते इंचातलं माप आहे, .४१० इंच म्हणजे जेमतेम साडेदहा मिलिमीटर. गोळ्यांच्या हिशोबाने काढलं तर ती ६७ बोरच्या आसपास पडेल. लेखात तिला "४१० गेज" लिहिलंय, तसं असतं तर नळी जेमतेम पावणेसहा मिलिमीटरची निघाली असती.

आता माझी गोष्ट. आमच्या आबांची नोकरी शिंदे सरकारच्या शिकारखान्यात होती, शिवपुरीच्या जंगलात त्यांचं अर्धं आयुष्य गेलं. मी लहान होतो तेव्हा, म्हणजे १९७२ चा कायदा यायच्या पुष्कळ आधी, तिघऱ्याच्या पलीकडच्या माळावर तितर मारायला घरची मंडळी जायची. मी तेरा-चौदा वर्षांचा, अंगाने काटकुळा, म्हणून अप्पाकाकांनी हौसेने हातात फोर-टेन दिली, पोराला धक्का बसू नये म्हणून. पहिल्या दिवशी सात बार काढले आणि एक पीस हलला नाही. दुसऱ्या दिवशी एक तितर भर्रकन उठला, मी बार काढला, तो पडला आणि पाय ओढत बोरीच्या झुडपात शिरला तो सापडलाच नाही. दोन तास शोधलं. आबा एक शब्द बोलले नाहीत, घरी येऊन त्यांनी फोर-टेन कपाटात ठेवली आणि पुढच्या खेपेला त्यांची जुनी २० बोर दुनाळी माझ्या हातात दिली, त्या दिवशी मी दोन तितर आणले. माझा नेम एका आठवड्यात सुधारला नव्हता साहेब, छरे वाढले होते.

सगळी गोम इथेच आहे. बोर कोणताही असो, छरा साधारण सारख्याच वेगाने सुटतो, सेकंदाला १२०० फुटांच्या आगेमागे, त्यामुळे फोर-टेनचा साडेसात नंबरच्या मापाचा छरा आणि १२ बोरचा साडेसात नंबरचा छरा पक्ष्याला लागला तर सारखाच लागतो. फरक आहे तो किती छरे जातात त्याचा. १२ बोरच्या ३२ ग्रॅमच्या काडतुसात या नंबरचे ३९० च्या आसपास छरे असतात, २० बोरच्या २५ ग्रॅममध्ये तीनशेच्या वर, २८ बोरच्या २१ ग्रॅममध्ये २६० आणि फोर-टेनच्या अर्ध्या औंसात, म्हणजे १४ ग्रॅमात, फक्त १७५. पोरगं नेमात हातभर चुकणारच, त्याला छऱ्यांचं दाट जाळं पाहिजे, तर तुम्ही त्याला विरळ जाळं देता आणि वर म्हणता सोपं आहे. वर फोर-टेनची नळी इतकी बारीक की छरे एकामागे एक लांबलचक रांगेत निघतात, त्यामुळे उडत्या पक्ष्यावर जाळं आणखी पातळ पडतं. फोर-टेन ही उस्तादाची बंदूक आहे. स्कीट, म्हणजे उडत्या मातीच्या चकत्यांवरची नेमबाजी, खेळणारे तिकडे अमेरिकेत चार बोरांच्या वेगवेगळ्या स्पर्धा खेळतात, १२, २०, २८ आणि फोर-टेन, आणि यातली फोर-टेनच सगळ्यात अवघड मानतात, कोणालाही विचारा.

मग मुलाला काय द्यायचं तर २० बोर, आणि हलकं काडतूस. धक्क्याचं म्हणाल तर लेखकाने फक्त बोर बघितला, वजन बघितलंच नाही. हलक्या बंदुकीत भारी काडतूस घातलं की २० बोर पण १२ पेक्षा जास्त धक्का मारते, खासकरून ते तीन इंची मॅग्नम म्हणजे जास्त भरलेलं काडतूस, ते नवशिक्याच्या हातात देणं म्हणजे त्याचा खांदा आणि शौक दोन्ही मोडायचं काम. विलायतेतला ग्रीनर नावाचा जुना बंदूकवाला होता, त्याचा हिशोब अजून चालतो की बंदूक छऱ्याच्या वजनाच्या ९६ पट असावी, म्हणजे २८ ग्रॅम उडवायचे तर पावणेतीन किलोच्या जवळपास. आणि दस्ता. दस्त्याची लांबी हाताला बसली नाही, गाल नीट टेकला नाही, की कोणताही बोर तोंडावर थप्पड मारतो, सासूबाईंसारखी. बायका आणि मुलं धक्क्याला घाबरतात असं आपण म्हणतो, खरं तर त्यांना पुरुषांच्या मापाचा दस्ता दिलेला असतो. तोच कापून छोटा करून घ्या, मग बघा.

फार हलकी बंदूक पण चांगली नाही बरं का. दिवसभर डोंगर चढायला बरी वाटते पण पक्षी उठला की ती झटक्यात वर येते आणि तितक्याच झटक्यात थांबते, हात थांबला की छरे पक्ष्याच्या मागे. आबा म्हणायचे तितराच्या चोचीपुढे बघ, शेपटीकडे बघशील तर शेपटीच मिळेल.

हे सगळं मला आत्ता का सुचलं तर माझा पुतण्या मिनेसोटात असतो, इंजिनियर आहे, ऑफिसातल्या गोऱ्या मित्रांबरोबर तिकडच्या रानकोंबडीच्या, म्हणजे रफ्ड ग्राउसच्या शिकारीला जाणार आहे, सप्टेंबरच्या मध्यात तिकडे सीझन उघडतो आणि एका दिवसाला पाचच पक्षी, सहावा नाही. त्याने फोन करून विचारलं, काका, कोणती घेऊ. मी आधी विचारलं व्हिसा कोणता, कारण हे तुमच्या लेखात कुठेच नाही आणि सगळ्यात आधी तेच लिहायला पाहिजे होतं. एच-वन-बी सारख्या व्हिसावर असलेल्या माणसाला अमेरिकेत बंदूक बाळगायलाच मनाई आहे, त्यातली एक सूट म्हणजे चालू शिकारीचं लायसन्स, ते खिशात नसताना नुसती बंदूक विकत घेतली किंवा घरी ठेवली तर तो केंद्र सरकारचा गुन्हा, नोकरी व्हिसा सगळं जाईल. ग्रीन कार्डवाल्यांना ही भानगड नाही. आमच्या पोराने बिचाऱ्याने आधी हंटर कोर्स केला, लायसन्स काढलं, मग दुकानात गेला.

ग्राउस दाट झाडीत पंधरा-वीस पावलांवर उठते आणि दोन सेकंदात झाडाआड जाते, त्यासाठी २० बोर किंवा हात बसलेला असेल तर २८ बोर छान. २८ बद्दल तर मी प्रेमानेच बोलतो, २१ ग्रॅमचा छरा त्या नळीत असा बसतो की जाळं एकसारखं पडतं, आणि वुडकॉक, बॉबव्हाइट असल्या छोट्या पक्ष्यांना ती अगदी मापात आहे. पण साउथ डकोटातल्या फेझंटच्या नरावर, जो जाड पिसांचा आणि जिवाचा चिवट, चाळीस पावलांवरून २८ रोखणं म्हणजे पक्षी जखमी करून सोडणं. तिथे १२ नाहीतर भारी काडतुसाची २० घ्या, किंवा चांगला कुत्रा असेल आणि पक्षी पायाखालून उठणार असेल तरच २८. आणि एक गंमत सांगतो, नेवाडाच्या उघड्या डोंगरांवर ज्या चुकार नावाच्या तितराच्या मागे लोक छाती फुटेपर्यंत चढतात तो चुकार मूळचा आपल्याकडचा, हिमालयातला, इथून तिकडे नेऊन सोडलेला. आपला राखी तितर पण हवाई बेटांवर नेलाय, तिथे त्याची लायसन्सवर शिकार होते. इथे तो आमच्या गल्लीच्या टोकाला पहाटे ओरडतो आणि त्याला हात लावायची कोणाची हिंमत नाही, ते बरंच आहे.

शिसं की स्टील हाही एक मुद्दा आहे जो छोट्या बोरवाल्यांना कोणी सांगत नाही. तिकडे पाणपक्ष्यांना शिशाचे छरे १९९१ पासून देशभर बंद आहेत आणि कॅलिफोर्नियात तर जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही. स्टील हलकं असतं, म्हणून तोच मार बसायला छरा मोठा घ्यावा लागतो, छरा मोठा झाला की छोट्या काडतुसात तो बसतो किती? २८ मध्ये ही अडचण फार लवकर येते. बिस्मथ नावाच्या जड धातूचे छरे आहेत पण महाग. म्हणजे जिथे शिसं बंद तिथे २० च्या खाली जाताना खिसा चाचपून जा. तसंही २८ आणि फोर-टेनची काडतुसं तिकडे १२ आणि २० पेक्षा महागच मिळतात.

पुतण्याला मी एकच होमवर्क दिला. पेपरची दोन जोडपानं एकमेकांना चिकटव, मधे चहाच्या बशीएवढा गोल काढ, तीस पावलांवरून एक बार काढ आणि किती छरे कुठे लागले ते मोज, मोकळ्या जागेतून पक्षी निसटेल का ते बघ. प्रत्येक काडतूस आणि प्रत्येक चोक, म्हणजे नळीच्या तोंडाचा आवळा, वेगळा वागतो, डब्यावरच्या चित्रावर जाऊ नये. (तुमचा पेपर तिकडे मिळत नाही, नाहीतर तोच वापर म्हटलं असतं.)

आणि आता ज्यासाठी खरं तर पत्र लिहायला बसलो ते. लेखात एक फोटो आहे, टेबलावर १२ आणि २० ची काडतुसं एकत्र सांडलेली, खाली कॅप्शन "शिकारीची तयारी". साहेब, ही तयारी नाही, हा अपघात आहे. २० बोरचं काडतूस १२ च्या नळीत टाकलं तर ते पडून जात नाही, थोडं पुढे सरकून नळीत अडकून बसतं. वरून बघणाऱ्याला घर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतुसाची जागा, रिकामं वाटतं, बार झाला नाही म्हणून माणूस त्याच्या मागे १२ चं काडतूस घालतो आणि घोडा ओढतो. नळी फुटते ती बरोबर डाव्या हाताच्या तळव्याखाली. आबांच्या ओळखीतल्या एका माणसाची तीन बोटं अशीच गेली होती, त्यांच्या काळी काडतुसांच्या रंगाला काही नियम नव्हता. आता मोठ्या कंपन्या २० बोर पिवळ्या रंगातच बनवतात, एवढ्याच कारणासाठी. ज्या घरात दोन बोर आहेत तिथे दोन वेगळे पट्टे, दोन वेगळे डबे, आणि ज्या जॅकेटच्या खिशात काल २० होती त्यात आज १२ नाही, हा आमच्या घरातला कायदा होता.

आपल्याकडचं थोडं. इथे शिकार १९७२ च्या कायद्याने आवळली आणि १९९१ च्या दुरुस्तीने उरलासुरला परवाना पण संपला, तेव्हा या भागात छऱ्याची बंदूक म्हणजे क्ले, त्या मातीच्या चकत्यांचा खेळ, किंवा घरातली आठवण. ऑलिम्पिकच्या ट्रॅप-स्कीटमध्ये सगळे १२ बोरच घेतात आणि त्यात २४ ग्रॅमच्या वर छरा चालत नाही, राज्यवर्धन राठोडांचं २००४ चं अथेन्सचं रौप्य १२ बोरचंच. म्हणून आपल्याकडच्या मुलाला भोपाळच्या अकादमीत वगैरे जायचं असेल तर लहान बोरचा विचारच करू नये. आमच्या इथे दुकानात २० चं काडतूस मागितलं तर दुकानदार चहा पाजतो आणि १२ चं दाखवतो. लायसन्सचं तर विचारूच नका, २०१९ मध्ये आमच्या ग्वाल्हेरला बंदुकीच्या लायसन्साआधी १० झाडं लावा आणि त्यांच्याबरोबर सेल्फी आणा असा हुकूम निघाला होता, चंबळच्या लोकांनी मग झाडं पण लावली. त्याच वर्षी दुरुस्ती आली की एका लायसन्सवर तीनऐवजी दोनच बंदुका, वारशाच्या धरून. आमच्या घरी तीन होत्या, बाबांची १२, आबांची २० आणि ती फोर-टेन. कोणती जमा करायची याच्यावर घरात पाच मिनिटं पण चर्चा झाली नाही.

आबांची २० अजून आहे, दर दसऱ्याला पुसून पूजेला ठेवतो, उडवत नाही. तिची घरं जुन्या विलायती अडीच इंची काडतुसाची आहेत, त्यात आजचं पावणेतीन इंची घातलं तर बार होताना काडतुसाच्या तोंडाला उघडायला जागा मिळत नाही आणि दाब वाढतो. ज्यांच्या घरी अशी वारशाची दुनाळी आहे त्यांनी आधी एखाद्या जाणकार कारागिराकडून घर मोजून घ्यावं, आणि नळीवर वेटोळ्यांची नक्षी दिसत असेल तर ती नुसती भिंतीवरच शोभते.

पुतण्याने शेवटी २० बोरची उभी दुनाळी, म्हणजे एकावर एक नळ्यांची, घेतली, दस्ता अर्धा इंच कापून. विनंती एवढीच की येत्या रविवारी निदान त्या फोटोबद्दल दोन ओळींची दुरुस्ती छापा, आणि जमलं तर पिवळ्या रंगाचं कारण ठळक अक्षरात.

आपला,
एक वाचक
लष्कर, ग्वाल्हेर